फोर प्रोबच्या प्रॅक्टिकलला सिलिकॉन ‘उलटं’ चालतं तेव्हा: क्रिस्टल बदलण्याआधी काय काय बघायचं

इंदूरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मी तेवीस वर्षं सहाय्यक आहे. परीक्षा जवळ आली की दरवर्षी तीच हाक येते, “ताई, फोर प्रोब बिघडलाय, क्रिस्टल बदलून द्या.” फोर प्रोब म्हणजे अर्धवाहकाच्या पातळ क्रिस्टलवर चार टोकं टेकवून, बाहेरच्या दोनांतून करंट द्यायचा, आतल्या दोनांवर व्होल्टेज मोजायचं आणि ओव्हनमध्ये तापवत रोध कसा बदलतो ते बघायचं, ते उपकरण. इतक्या वर्षांत खरोखर वाया गेलेले क्रिस्टल मी चार पाहिले. बाकी सगळ्या वेळी क्रिस्टल धडधाकट होता आणि खोट दुसरीकडेच होती. म्हणून ज्या क्रमाने मी तपासते त्याच क्रमाने सगळं लिहून काढते आहे. आधी फुकटातलं, मग चार-दोन रुपयांचं, आणि शेवटी जिथे आपण हात लावायचा नाही ते.

तक्रारी कोणत्या येतात

सगळ्यात जास्त वेळा येणारी अशी: सिलिकॉन लावलाय, करंट जागचा हललेला नाही, ओव्हन चालू केला, आणि तापमान चढेल तसं व्होल्टेजही चढतंय. अर्धवाहक तापला की रोध उतरतो असं तर सगळ्या पुस्तकांत आहे. मुलं घाबरतात. काहीजण तारा उलट्यासुलट्या करतात. काहीजण वहीत आकडे खालून वर लिहून मोकळे होतात, हे मी स्वतः पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरं रीडिंग त्यांच्या हातात होतं आणि त्यांनी ते पुसलं.

दुसरी तक्रार जर्मेनियमची. ग्राफ सरळ रेषेत येतो, पण बँड गॅप, म्हणजे बंधातला इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा, ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जागी ०.२९ किंवा ०.३४ निघतो.

मग या किरकोळ वाटणाऱ्या पण तास खाणाऱ्या: ग्राफ थंड टोकाला आडवा पडतो. तापवतानाचे आणि निवतानाचे आकडे जुळत नाहीत. मीटरवरचा शेवटचा आकडा सारखा नाचतो. करंटचा नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी करंट हवा तेवढा चढत नाही.

सगळ्यात आधी डबीवरचं लेबल वाचा

याला काहीच खर्च नाही, आणि अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. बहुतेक किटमध्ये दोन क्रिस्टल येतात, एक जर्मेनियमचा, एक सिलिकॉनचा. वर्षभरात चार बॅचच्या हातांतून फिरताना डब्यांची अदलाबदल होते. शेजारी शेजारी ठेवले तर जर्मेनियम चांदीसारखा उजळ दिसतो, सिलिकॉन जरा काळसर-निळसर. एकटा समोर असेल तर मात्र नुसत्या नजरेवर जाऊ नका.

आता लेबल सिलिकॉनचं असेल आणि तापवताना व्होल्टेज चढत असेल, तर बिघाड काहीही नाही. हे नीट सांगायला हवं, कारण या एका गोष्टीसाठी आमच्याकडे दोन चांगले क्रिस्टल भंगारात गेले होते.

‘तापवला की रोध उतरतो’ हे वाक्य जुनं आहे. १८३३ मध्ये मायकेल फॅराडे यांनी सिल्व्हर सल्फाइड तापवून पाहिलं तेव्हा धातूंच्या उलट, त्याची वाहकता वाढत गेली. अर्धवाहकाची ही ओळख तिथून पुस्तकांत आली. पण ती लागू पडते ती स्वतःचे इलेक्ट्रॉन स्वतः सोडवणाऱ्या पदार्थाला. आपल्या डबीतलं सिलिकॉन तसं नाही, त्यात मुद्दाम फॉस्फरस किंवा बोरॉन घातलेला आहे. त्यालाच डोपिंग म्हणतात.

किती घातलेला असतो? सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये ५ वर २२ शून्यं इतके अणू असतात. साधारण डोपिंग धरा, १ वर १५ शून्यं इतके फॉस्फरसचे अणू. म्हणजे सिलिकॉनच्या पाच कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एक. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहर सुमारे २० लाखांचं होतं. अशी पंचवीस इंदूर एकत्र केली तर त्यांत एक पाहुणा. पण फॉस्फरसकडे बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन, बंध बांधायला लागतात चार, आणि उरलेला पाचवा फक्त ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने धरलेला असतो. सिलिकॉनच्या स्वतःच्या बंधातला इलेक्ट्रॉन सोडवायला १.१२ लागतात. खोलीच्या तापमानाला फॉस्फरसचे जवळजवळ सगळे पाचवे इलेक्ट्रॉन आधीच मोकळे झालेले असतात, तर शुद्ध सिलिकॉनच्या घन सेंटिमीटरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन फक्त हजार कोटींच्या घरात. हा आकडा मोठा वाटतो, पण डोपिंगने दिलेल्या इलेक्ट्रॉनांपुढे तो लाखातला एक आहे. पाच कोटींतला एक पाहुणा सगळ्या क्रिस्टलचा कारभार चालवतो, तो असा.

आता ओव्हन १५० अंशांपर्यंत न्या. सिलिकॉनचे स्वतःचे वाहक, म्हणजे करंट वाहून नेणारे मोकळे इलेक्ट्रॉन, हजारपटीने वाढतात, तरी डोपिंगच्या वाहकांच्या तुलनेत ते शंभरातला एक हिस्साच असतात. म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या होती तेवढीच राहिली. मग बदललं काय? जाळीतले अणू जास्त थरथरू लागले आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडू लागली. गर्दी तेवढीच, रस्ता अवघड. त्यामुळे रोध वाढतो, अगदी धातूसारखा.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे रडवेली होऊन आली. २ मिलिअँपिअर करंटला ३० अंशांवर तिचं व्होल्टेज होतं ४४ मिलिव्होल्ट, आणि १४० अंशांवर ८९. मी तिला म्हटलं, “पुसू नकोस. बस इथे, तापमान केल्व्हिनमध्ये घे आणि दोन्हींचे लॉग काढ.” ३०३ वरून ४१३, म्हणजे तापमान १.३६ पट. व्होल्टेज २.०२ पट. लॉगांचा भागाकार आला २.२७. सिलिकॉनमध्ये वाहकांची चपळता, म्हणजे ते किती सहज सरकतात ते, तापमानाच्या साधारण सव्वादोन ते दोन पूर्णांक चार दशांश या घाताने उतरते, असं अर्धवाहकांच्या कोणत्याही चांगल्या पुस्तकात सापडतं. पोरीने अगदी अचूक मोजमाप केलं होतं, फक्त ते बँड गॅपचं नव्हतं, चपळतेचं होतं. तिने ते तसंच जर्नलमध्ये लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हायवात तिला त्यावरच विचारलं आणि तिने उभं राहून सगळं समजावून सांगितलं.

“मग अजून तापवू का?” असं विचारणारे असतात. नको. एवढ्या डोपिंगचं सिलिकॉन स्वतःच्या वाहकांवर यायला साधारण २८० अंशांच्या आसपास जावं लागतं. कॉलेजचा ओव्हन त्यासाठी बनलेला नाही. आधी तारांचं आवरण वितळतं.

सिलिकॉनचा बँड गॅप हवाच असेल तर पाच-दहा रुपयांचा वन-एन-४००७ डायोड घ्या. सरळ बायसमध्ये, म्हणजे करंट सहज वाहतो त्या दिशेने जोडून, एकच ठराविक करंट ठेवा, तापमान वाढवत त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज लिहा. दर अंशाला ते सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. रेषा शून्य केल्व्हिनपर्यंत लांबवली की १.२ व्होल्टच्या जवळ जाते. उलट्या बायसमधला करंट मोजून हे करायला जाऊ नका. सिलिकॉनमध्ये तो करंट फार बारीक असतो आणि बराचसा जंक्शनच्या, म्हणजे डायोडमधल्या दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्याच्या, मधल्या पट्ट्यात तयार होतो, म्हणून उत्तर अर्ध्याच्या आसपास येतं आणि पुन्हा “डायोड खराब” सुरू होतं.

मग गणित तपासा

लेबल जर्मेनियमचं आहे, ग्राफ सरळ आहे, तरी उत्तर चुकतंय? उपकरणाला हात लावू नका, कागद पुढे ओढा. चुकीच्या उत्तरावरून चूक कुठली ते बहुतेक वेळा ओळखता येतं.

उभ्या अक्षावर रोधकतेचा दहाच्या पायाचा लॉग आणि आडव्या अक्षावर १००० भागिले केल्व्हिन तापमान घेतलं असेल, तर स्लोपला ०.३९७ ने गुणलं की बँड गॅप इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळतो. जर्मेनियमचा स्लोप १.७ च्या आसपास येतो, म्हणजे उत्तर ०.६७ च्या जवळ. या ०.३९७ मध्ये तीन गोष्टी दडलेल्या आहेत: बोल्ट्झमनचा स्थिरांक, लॉग बदलायचे २.३०३, आणि २.

उत्तर ०.२९ आलं असेल तर २.३०३ विसरलात. ०.३४ आलं असेल तर २ विसरलात. हा २ कुठून येतो ते समजून घ्या, कारण व्हायवात हमखास विचारतात. एक बंध तुटला की एक इलेक्ट्रॉन आणि एक होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा, तीही करंट वाहते) अशी जोडी तयार होते. एका तुटीचा खर्च पूर्ण बँड गॅपएवढा, पण हाती येतात दोन वाहक. त्यामुळे वाहकांच्या संख्येच्या सूत्रात बँड गॅप अर्धा होऊन येतो, आणि स्लोपवरून परत काढताना दुप्पट करावा लागतो.

ग्राफ रेषेऐवजी विचित्र वळलेला असेल तर आडवा अक्ष बघा. ३० अंशांना १००० भागिले ३०३, म्हणजे ३.३० यायला हवं. ३३.३ लिहिलं असेल तर सेल्सिअसने भागलंय.

रोधकताच पाच-साडेपाच पट जास्त येत असेल तर जाडीची दुरुस्ती राहिली. मूळ सूत्र जाडजूड ठोकळ्यासाठी आहे; आपला क्रिस्टल अर्ध्या मिलिमीटरचा आणि प्रोबमधलं अंतर २ मिलिमीटर. १९५४ मध्ये वाल्डेस यांनी जर्मेनियमसाठी ही चार टोकांची पद्धत मांडली तेव्हाच कडा आणि जाडीसाठीचे गुणांकही दिले होते. आमच्या किटच्या मापांना भाजक ५.५ च्या आसपास येतो, तुमचा तुमच्या पुस्तिकेत बघा. पण एक लक्षात घ्या: ही चूक सगळ्या रीडिंगना सारखीच लागते. लॉग घेतला की रेषा अख्खीच्या अख्खी वर सरकते, स्लोप तोच राहतो. बँड गॅप चुकला असेल तर दोष या भाजकाचा नाही, तो शोधत बसू नका.

थंड टोकाला आडवे पडणारे बिंदू चूक नाहीत, तिथेही डोपिंगच बोलतंय. जर्मेनियमचे स्वतःचे वाहक खोलीच्या तापमानाला घन सेंटिमीटरला २४ लाख कोटी, सिलिकॉनच्या दोन हजार पटींहून जास्त. म्हणून तो थोडा तापला की डोपिंगला मागे टाकतो, पण अगदी गार असताना नाही. डिसेंबरातल्या सकाळच्या बॅचला आमची लॅब १४-१५ अंशांवर असते आणि त्यांच्या ग्राफमध्ये हा वाक ठळक दिसतो; एप्रिलच्या दुपारी चाळीसपासून सुरुवात करणाऱ्यांना तो जेमतेम दिसतो. रेषा काढताना फक्त सरळ भागातले बिंदू घ्या, वाकलेले ग्राफवर राहू द्या आणि शेजारी कारण लिहा. सगळ्या बिंदूंतून ओढूनताणून एकच रेषा काढली की स्लोप कमी येतो आणि बँड गॅप ०.५ च्या खाली घसरतो.

करंट उलटवा, प्रकाश झाका

गणित बरोबर आहे आणि तरी गडबड आहे, तर आता उपकरणाकडे या. पण स्क्रू-ड्रायव्हर अजून नको.

प्रत्येक तापमानाला एकदा सरळ आणि एकदा उलटा करंट देऊन रीडिंग घ्या आणि चिन्ह सोडून सरासरी काढा. आमच्या सिलिकॉनवर सरळ ४६.१ आणि उलटं ४२.३ येतं, खरं व्होल्टेज ४४.२. मधले १.९ मिलिव्होल्ट करंटचे नाहीतच. अर्धवाहकाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा थोडं गरम असलं तरी व्होल्टेज तयार होतं, सिलिकॉनमध्ये दर अंशाला काहीशे मायक्रोव्होल्ट. तांब्याच्या तारेत हे जाणवतही नाही, इथे दोन-तीन अंशांच्या फरकाने मिलिव्होल्ट उभा राहतो. करंट उलटवला की क्रिस्टलमधलं खरं व्होल्टेज उलटतं, हे उष्णतेचं उलटत नाही, म्हणून सरासरीत ते कटतं. करंट पूर्ण शून्य करूनही एकदा मीटर बघा. शून्य दिसत नसेल तर काय लपलंय ते तिथेच कळतं.

मग प्रकाश. ओव्हन बाजूला ठेवून खोलीच्या तापमानाचं रीडिंग घेताना क्रिस्टलवर तळहात धरून सावली पाडा. आकडा हलला तर क्रिस्टलवर पडणारं ऊन किंवा ट्यूबलाइट तुमच्या मोजमापात मिसळतेय. १९४० मध्ये बेल लॅबमध्ये रसेल ओल यांना सिलिकॉनच्या एका तुकड्यावर दिव्याचा प्रकाश पडताच असंच अनपेक्षित व्होल्टेज दिसलं होतं. त्या तुकड्यात अशुद्धी एका बाजूला वेगळी, दुसऱ्या बाजूला वेगळी साचली होती, आणि पी-एन जंक्शनची ओळख त्यातून झाली. आपल्याला आत्ता तो शोध नको, म्हणून काळं कापड टाका. आमच्या लॅबला पश्चिमेची खिडकी आहे; दुपारच्या बॅचची निम्मी ‘नाचणारी रीडिंग’ पडदा ओढल्यावर शांत होतात. डोक्यावरचा पंखाही बंद करा, तो क्रिस्टलची एकच बाजू गार करतो.

घाई काढून टाका

तापवताना आणि निवताना आकडे वेगळे येत असतील तर थर्मामीटर क्रिस्टलच्या मागे पडतोय. ओव्हनची भिंत आधी तापते, मग हवा, मग क्रिस्टल, आणि थर्मामीटरचा फुगा या सगळ्यांत कुठे ठेवलाय त्यावर सगळं अवलंबून. तो क्रिस्टलच्या शक्य तितका जवळ न्या. ओव्हन हळू चालीवर ठेवा. वेळ असेल तर वरपर्यंत नेऊन बंद करा आणि सगळी रीडिंग निवताना घ्या. माझ्या अनुभवात ही रीडिंग नेहमीच जास्त सरळ रेषेत बसतात. मुलांना हे आवडत नाही, पोह्यांची सुट्टी बुडते, पण दुसरा उपाय नाही. करंटही जपून द्या. जास्त करंटने क्रिस्टल आतून तापतो आणि थर्मामीटरला त्याचा पत्ता नसतो. करंट निम्मा करून बघा, व्होल्टेज बरोबर निम्मं व्हायला हवं.

तारा आणि पेटी, क्रिस्टलशिवाय

इथे एक रुपयाचा रेझिस्टर लागतो. क्रिस्टल काढून डबीत ठेवा. १० ओहमचा रेझिस्टर घेऊन त्याच्या एका टोकाला करंटची एक आणि व्होल्टेजची एक तार जोडा, दुसऱ्या टोकाला उरलेल्या दोन. ५ मिलिअँपिअर दिलात की मीटरवर ५० मिलिव्होल्ट दिसायला हवेत, रेझिस्टरच्या पाच टक्के इकडेतिकडे. दिसले तर करंटची पेटी आणि मीटर दोन्ही निर्दोष आहेत. ही चाचणी मला फार प्रिय आहे, कारण तिच्यामुळे संशय निम्म्या उपकरणावरून उठतो.

मग चार प्रोबच्या तारा कुठे गेल्यात ते बोटाने माग काढत बघा. बाहेरच्या दोनांतून करंट, आतल्या दोनांवर व्होल्टेज. एखाद्या दुरुस्तीत कोणीतरी आतली आणि बाहेरची तार बदलून सोल्डर केलेली असते आणि वर्षभर कुणाला कळत नाही.

प्रोबचा टेकू आणि क्रिस्टलचा पृष्ठभाग

नॉब पूर्ण फिरवूनही करंट चढत नसेल, किंवा टेबलाला धक्का लागला की आकडा उडी मारत असेल, तर टोकं नीट टेकलेली नाहीत. चार प्रोबचा सगळा फायदा असा की आतल्या दोन टोकांतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तिथला टेकूचा रोध व्होल्टेजमध्ये येत नाही. पण बाहेरच्या टोकांतून करंट जावाच लागतो. सिलिकॉनवर उघड्या हवेत ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो, आणि धातूचं टोक अर्धवाहकावर टेकलं की ते थोडंफार डायोडसारखं वागतं. हे दोन्ही मिळून इतका अडथळा झाला की पेटीकडचे मोजके व्होल्ट तिथेच संपतात.

क्रिस्टल चिमट्याने कडेला धरा. न पिंजणाऱ्या कापडाला लॅबमधलं स्पिरिट लावून एकाच दिशेने हळू पुसा आणि वाळू द्या. पावसाळ्यात हे आधीच करा, बोटांच्या घामाचा डाग ओल धरतो आणि पृष्ठभागावरून चोरवाट तयार होते. पॉलिश पेपरने घासू नका. पृष्ठभाग ओरबाडला की त्यावरचं मोजमाप बदलतं आणि पातळ क्रिस्टल जागीच तडकतो.

प्रोब खाली आणताना स्क्रू चारही स्प्रिंग किंचित दबेपर्यंतच फिरवा. मी पाहिलेल्या चार वाया गेलेल्या क्रिस्टलांपैकी तीन असेच गेले: आकडा स्थिर होईना म्हणून कोणीतरी आणखी अर्धा फेरा आवळला. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, कान त्याला ओळखतात.

क्रिस्टल खरंच तोच आहे का

इतकं करूनही पटत नसेल, लेबल पुसलेलं असेल, तर गरम टोकाची चाचणी करा. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवा. लाल पिनेचं टोक सोल्डरिंग आयर्नला टेकवून कोमट करा, आयर्न बाजूला ठेवा, आणि मग दोन्ही पिना क्रिस्टलवर हलकेच टेकवा. गरम लाल पीन धन दिसली तर क्रिस्टल एन प्रकारचा: इलेक्ट्रॉन गरम बाजूकडून गार बाजूकडे पसरले आणि मागे धन भार राहिला. ऋण दिसली तर पी प्रकारचा, बोरॉनसारख्या अशुद्धीचा, तिथे होल पसरतात. ही चाचणी सिलिकॉन की जर्मेनियम ते सांगणार नाही. ते तापवून कळतं: १०० अंशांपर्यंत नेल्यावर व्होल्टेज पार कोसळलं तर जर्मेनियम, सावकाश चढलं तर डोप केलेलं सिलिकॉन.

खोलीच्या तापमानाची रोधकताही मोलाची आहे. घन सेंटिमीटरला १ वर १५ शून्यं इतका फॉस्फरस असेल तर ती ५ ओहम-सेंटिमीटरच्या जवळ येते; तेवढ्याच बोरॉनला तेराच्या आसपास, कारण होलची चपळता इलेक्ट्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच आहे. आलेला आकडा डबीच्या झाकणावर पेन्सिलने तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच आकडा आला तर क्रिस्टल शाबूत आहे, नवीन मागवायचं कारण नाही. क्रिस्टलला केसाएवढी तडा दिसली, किंवा जागा बदलून टेकवल्यावर रीडिंग दरवेळी दीड-दोन पट बदललं, तरच तो बदला. चौथा क्रिस्टल मी तसाच ओळखला होता.

इथे थांबायचं

ओव्हनच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर प्लग काढा आणि कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल रद्द. हीटरची तार आतून आवरणाला लागलेली असते किंवा अर्थिंग तुटलेलं असतं, आणि हे दोन्ही माझं काम नाही, तुमचंही नाही. हीटर चालू-बंद होताना प्रत्येक वेळी मीटरचा आकडा उडी मारत असेल तरी मी ओव्हन तपासून घेते. बरेचदा ती नुसती तारांतली घुसखोरी असते आणि तारांना पीळ दिला की थांबते. पण गळतीचीही ती पहिली खूण असू शकते, आणि तुम्हा-आम्हाला वरून फरक कळत नाही.

जळका वास आला, तारेचं आवरण मऊ पडलं, किंवा ठरवलेल्या तापमानाला ओव्हन थांबतच नसेल, तर मेन स्विच बंद.

पाऱ्याचा थर्मामीटर गरम ओव्हनमध्ये फुटला, तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, दार लावून विभागप्रमुखांना कळवा. पारा गरम जागेवर वाफ होऊन हवेत जातो. झाडूने किंवा बोटांनी तो गोळा करू नका.

एक रुपयाच्या रेझिस्टरवर ५० मिलिव्होल्ट आले नाहीत, तर करंटच्या पेटीचं झाकण उघडू नका. ती ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडे पाठवा. फोन करताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. रेझिस्टर केवढा, करंट किती दिला, मीटरवर काय दिसलं, नॉब कुठवर होता, हे चार आकडे सांगितले की पेटी उघडण्याआधीच त्यांना अंदाज येतो.

आणि डोपिंग नेमकं किती हेच हवं असेल, म्हणजे वाहकांची संख्या आणि चपळता वेगवेगळी, तर फोर प्रोबवर डोकं आपटू नका. तो दोन्हींचा गुणाकारच देतो, फोड करून देत नाही. त्यासाठी चुंबकीय क्षेत्रातलं हॉल मोजमाप लागतं, आणि गोठवून बघायचं असेल तर द्रव नायट्रोजन. इंदूरकरांचं नशीब चांगलं आहे: खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सोर्टियमचं केंद्र आहे, कमी तापमानाच्या मोजमापांचं काम तिथे चालतं. विभागप्रमुखांच्या पत्राने रीतसर विचारा, आणि सोबत डबीच्या झाकणावरचे सगळ्या वर्षांचे आकडे उतरवून न्या.